करडईच्या दिवसांत पुरलेला पाय

शेजारच्या शेतात परवा हार्वेस्टर आला. सकाळी सावकाश, ऊन चांगलं तापल्यावर आला आणि जेवायच्या आत अख्ख्या रानातली करडई काढून, दाणा वेगळा करून दुसऱ्याच्या बांधावर गेलासुद्धा. मागं राहिली पिवळट धूळ आणि वाळल्या काट्यांचा वास. हा वास काही चांगला नाही. नाकात चढतो, शिंका आणतो. पण वर्षातून एकदा, फाल्गुनाच्या सुमाराला, तो आला की मला बसल्या जागी जुनी माणसं दिसायला लागतात.

मी तेव्हा ओसरीवर बसून तळपाय बघत होते. माझी नात करुणा परभणीला नर्स आहे. मला साखर निघाल्यापासून तिनं हे काम लावून दिलंय. वाकता येत नाही, म्हणून फरशीवर आरसा ठेवायचा, त्याच्यावर पाय धरायचा आणि कुठं चिरलंय, कुठं टोचलंय ते बघायचं. तोंडासाठी घेतलेला आरसा आता पायाखाली असतो. तोंडात बघण्यासारखं काही राहिलं नाही, हेही खरं.

"आजी, रोज बघायलीस ना?" ती फोनवर विचारते.

"बघायलेय."

"टोचलं तर तुला कळणार न्हाई. म्हनून बघायचं."

टोचलेलं कळत नाही म्हणजे काय, हे तिनं मला सांगायची गरज नाही. ते मी याच घरात पाहिलंय.

करडई लहान असते तेव्हा तिच्यासारखं मऊ काही नाही. कोवळा पाला खुडायचा, डाळ घालून भाजी करायची, ज्वारीची भाकरी कुस्करून खायची. मग ती वाढते आणि पानापानाच्या टोकाला सुया धरते. बोंडं वाळली की त्या रानात कुत्रंसुद्धा शिरत नाही. म्हणून हातानं काढायची ती उन्हात नाही. सकाळचं दव असतं तोवर काटा नरम राहतो, तेवढ्यात कापून घ्यायची. ऊन चढलं की काटा ताठ होतो आणि बाया घरी जातात. आमच्या तरुणपणी करडईचं हेच वेळापत्रक होतं, आणि आमच्या उपवासाचे दिवसही नेमके याच हंगामात यायचे. उजाडताना रानात, संध्याकाळी देवळात. आमचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा दाराशी टांगलेला. तो माझा नवरा शांतवन वाजवायचा. आवाज पार ताडकळसच्या रस्त्यापर्यंत जायचा आणि गावातली बाकीची माणसं म्हणायची, यांच्या देवाची गाडी आली.

गावात आमची ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, अजूनही तेवढीच आहेत. रानात मात्र सगळ्या बाया एकत्र असायच्या. हातांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळलेल्या, पायांना पोत्याचे तुकडे सुतळीनं आवळलेले. दुरून बघणाऱ्याला वाटावं, दवाखान्यातून पळून आलेली माणसं विळे घेऊन उभी आहेत. माझ्या बाजूच्या ओळीला कौसाबाई असायची. मळ्याजवळच्या घरातली, माझ्याच वयाची. हात जेवढा चालायचा त्याच्या दुप्पट तोंड.

"इस्तर, तुमच्यात मानूस पुरतेत. मंग किडे खातेत की."

"खातेत."

"समदं?"

"हाडं ऱ्हातेत. पुढं तीबी माती व्हतेत."

"मंग शेवटच्या दिशी तो तुमचा देवाचा कर्णा वाजल्यावर मेलेल्यानं उठायचं काय?"

"ते देव बघून घील."

"आमचं बरं हाय बाई. राख झाली, गंगेत सोडली, मोकळं. देवाला बी हुडकायचं काम न्हाई."

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. कौसाबाई म्हणत होती त्यात तसं चूक काही नव्हतं. जे विचारायला आम्ही देवळात लाजायचो ते ती करडईत उभी राहून विचारायची. म्हातारा मेला तर म्हाताराच उठतो का? जन्मतःच गेलेलं लेकरू उठल्यावर चालतं का? दोन बायका केलेल्या माणसाला तिथं कोण भाकरी घालतं? ओळ संपायची, प्रश्न संपायचे नाहीत. आता रानात यंत्र एकटंच असतं. ते काही विचारत नाही.

त्या ओळींमध्ये सगळ्यांत पुढं असायची माझी सासू राहेलबाई. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. उंच, काटक, बोलायला विळ्यासारखी. ती पायाला पोतं बांधायची नाही. "मपल्या टाचंला काटा टोचून बघ म्हनावं, काटाच मोडंल," असं म्हणायची आणि अनवाणी चालायची. टाच खरंच दगडाची होती. पण काटा टाचेत गेला नाही. तो डाव्या पायाच्या दोन बोटांच्या बेचक्यात गेला, जिथं कातडी लहान लेकराच्या गालासारखी असते.

तिला कळलंच नाही. तिलाही साखर होती, पण तेव्हा ते नाव आमच्या घरात आलेलं नव्हतं. बोट सुजलं तेव्हा तिनं चुना लावला. काळं पडलं तेव्हा हळद लावली. वास यायला लागला तेव्हा तिनं पाय लुगड्याखाली घेतला आणि आम्हाला सांगितलं की उंदीर मेलाय कुठंतरी. मी दोन दिवस धान्याच्या कणग्या हलवत बसले. मग एका सकाळी ती उठायला गेली आणि पडली. शांतवननं तिला उचलून परभणीला नेलं, मी बरोबर होते.

डॉक्टर म्हणाला, गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर बाई जाईल. शांतवन भिंतीला टेकून खाली बसला. आत्याबाई खाटेवरून म्हणाली, "काढा. पन मपला पाय मला माघारी द्यायचा."

डॉक्टर तरुण होता. "आजी, पायाचं काय करणार?"

"पुरनार. मी जिथं जानार तिथंच. उठायच्या दिवशी मी परभनीला येऊन तुमच्या उकिरड्यात पाय हुडकत बसू काय?"

डॉक्टर हसला नाही, ही त्याची भलाई. कुठंतरी सही घेतली आणि पाय पांढऱ्या कापडात गुंडाळून शांतवनच्या हातात दिला. आता असं देतात की नाही, मला ठाऊक नाही. करुणाला विचारलं तर ती म्हणाली, "आजी, हा विषय बंद."

मी आत्याबाईजवळ दवाखान्यातच राहिले. शांतवन एकटा पाय घेऊन निघाला. त्यानं तो बाजाराच्या पिशवीत घातला होता, वरून टॉवेल. ताडकळसच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "पिशवीत काय हाय?"

शांतवनला खोटं बोलता यायचं नाही. तो म्हणाला, "घरचंच हाय."

"वास यायलाय."

"दवाखान्याचा हाय."

"सीटखाली सरकवा मंग."

आईचा पाय सीटखाली ठेवून तो वर कसा बसला, असं मी त्याला पुढं एकदा विचारलं. तो म्हणाला, "बसलोच न्हाई. उबा राहूनच आलो."

गावात पोचल्यावर दुसराच पेच पडला. आमच्या मंडळीतल्या पुरुषांना कबर खणता येते, पण माणसाएवढी. आखूड कबर फक्त लेकराची असते, आणि तसला खड्डा खणायला कोणाचा हात धजेना. घरात लेकरं होती सगळ्यांच्या. शेवटी त्यांनी सासऱ्याच्या कबरीशेजारी पूर्ण लांबीची कबर खणली. आत्याबाईची पुढंमागं तीच जागा होती, म्हणून. आमच्यात डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला करून ठेवतात, म्हणजे उठल्यावर तोंड थेट उगवत्या सूर्याकडं. तेव्हा पाय पूर्वेच्या टोकाला ठेवायचा, हे सगळ्यांना बरोबर कळलं. आमचे पाद्री, पाळकसाहेबही आले होते. त्यांच्या पुस्तकात माणसाची प्रार्थना होती, पायाची नव्हती. ते थोडा वेळ पानं उलटत राहिले, मग पुस्तक मिटलं आणि या पायानं जेवढं काम केलं, जेवढं चालणं केलं, त्याबद्दल देवाचे उपकार मानले. शांतवननं हे मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, अशी प्रार्थना जिवंतपणी एकदा करायला काय हरकत आहे. कोणी करत नाही.

आत्याबाई घरी आली ती कुबडी घेऊन. खाटेवर टेकायच्या आधी तिनं लेकाला विचारलं, "कुटं ठिवला?"

"मामांच्या शेजारी. पायथ्याला."

मामा म्हणजे माझे सासरे, त्याचे तर ते वडील; मामा मी म्हणायचे. पण शांतवन घाबरला की माझ्या तोंडचे शब्द वापरायचा.

"पायथ्याला कुन्या अंगाला?"

"डाव्या."

"कोनाच्या डाव्या?"

शांतवन उठला, अंगणात उभा राहिला, आणि तिथं कबर आहे असं धरून त्यानं दाखवलं. तो पायथ्याशी उतरला होता. तोंड डोक्याच्या बाजूला, म्हणजे मावळतीला. आणि पाय त्यानं ठेवला होता आपल्या डाव्या हाताला.

कब्रस्तानाच्या उत्तरेला ओढा आहे, दक्षिणेला शेत. मावळतीकडं डोकं ठेवून उताण्या निजलेल्या माणसाचा डावा पाय ओढ्याच्या बाजूला येतो. शांतवननं ठेवला होता शेताच्या बाजूला. पाच-सहा कर्ते पुरुष आणि एक पाळक कबरीच्या काठावर उभे होते, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

"मपला डावा पाय तुमी उजवीकडं पुरला," आत्याबाई म्हणाली. ओरडली नाही. भाकरी करपल्यावर बोलावं तसं बोलली.

गावभर झालं. कौसाबाई बघायला आली आणि खाटेशी बसून म्हणाली, "मावशे, चप्पल उलटी घातल्यावानी दिसंल की गं."

"तू हास."

"हासत न्हाई. म्हनून म्हनते, आमच्यात डावं न्हाई, उजवं न्हाई. राख."

आत्याबाई हसली त्या दिवशी. पण तिच्या मनातून ते गेलं नाही. बाकीच्यांना ती गंमत होती, तिला नव्हती. ती लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण शरीराचा हिशोब तिच्याइतका कोणी ठेवला नसेल. तिच्या मेलेल्या दोन लेकरांना कुठं ठेवलंय, कोणाचं तोंड कसं होतं, हे तिला बोटं ठेवून सांगता यायचं. तिचा धर्म म्हणजे एवढंच होतं: ही माणसं पुन्हा भेटणार, आणि भेटताना आपण आपल्या पायावर चालत जायचं. लंगडत नाही, सरपटत नाही. लेकरांनी आपल्याला बघितलेलं नाही फारसं, तर त्यांना आई धड दिसायला पाहिजे. त्या एका पायासाठी तिचा जीव अडला होता.

पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. तिनं त्यांना सांगितलं, कबर उघडा, पाय इकडचा तिकडं करा आणि पुन्हा बुजवा, घटकाभराचं काम. ते म्हणाले, "राहेलबाई, एकदा माती दिली की अशा कारणासाठी उघडत नाहीत. ज्यानं मातीतून माणूस केला त्याला डावं-उजवं कळत नसेल का?"

"त्याला कळतंय. त्याच्याबद्दल माझी तक्रार न्हाई. तक्रार शांतवनबद्दल हाय. आपलं काम आपुन नीट करावं, देवावर कामून ढकलावं?"

मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळं रोज संध्याकाळी शास्त्र मोठ्यानं वाचायचं काम माझं. एकदा तो भाग आला: क्रुसावर मेलेला प्रभू पुन्हा उठल्यावर शिष्यांना भेटतो आणि हाताच्या जखमा दाखवतो, बोट घालून बघ म्हणतो. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल. ती ताडकन उठून बसली.

"म्हंजी जखमा भरल्या न्हाईत?"

"न्हाईत."

"देवाच्या लेकाच्या भरल्या न्हाईत, तर मपला पाय कोन लावून द्यायलाय?"

पुढच्या महिन्यात तिनं हाच प्रश्न पाळकसाहेबांना केला. ते म्हणाले, त्या जखमा प्रेमाची खूण म्हणून राहिल्या. आत्याबाई म्हणाली, "मपला पाय करडईच्या काट्यानं गेला. त्यात कसलं आलंय प्रेम." पाळकसाहेबांनी चहा पिऊन टाकला.

आणखी एक गोष्ट घडायची. नसलेला पाय खाजायचा. बोटांच्या बेचक्यात, जिथं काटा गेला होता तिथंच. ती दुपारी खाटेवर पडलेली असायची आणि हात खाली जायचा, खाटेच्या सुंभाला लागायचा आणि परत यायचा. करुणा म्हणते, असं होतं, डोक्यातल्या शिरा पाय विसरत नाहीत. असेल. तेव्हा आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईचा आपला सरळ हिशोब होता.

"इस्तर, जा, बघून ये. पायाला मुंग्या लागल्यात."

"आत्याबाई, चार हात खाली हाय पाय."

"मुंगीला काय खोल अन् काय उथळ. जा."

मी गेले. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात तडकते. कबरीला पायथ्याशी भेग पडली होती, हात जाईल एवढी, आणि भेगेच्या तोंडाशी खरंच मुंग्यांची रांग होती. तांबड्या. मी घरून चुलीतली राख आणली, भेगेत ओतली, वर माती लोटून पायानं दाबली. घरी आले तर ती बसून लसूण सोलत होती.

"थांबली खाज," ती म्हणाली.

का थांबली, मला माहीत नाही. मुंग्या सगळ्याच भेगांना असतात, हेही मला माहीत आहे. पण त्यानंतर दर उन्हाळ्यात मी राख घेऊन जायची. कौसाबाईनं एकदा बांधावरून बघितलं. "तुमच्यात बाया बी मसनात जातेत?" तिनं विचारलं. जातात. ईस्टरला तर उजाडताना सगळी मंडळी तिथंच जमते, गाणी म्हणते. आत्याबाई कुबडी टेकत यायची आणि स्वतःच्या कबरीवर बसून गायची. बाकी कोणाला असं करता येत नाही.

वय झालं तसं मला कौसाबाईच्या प्रश्नांचं कौतुक वाटायला लागलंय. माझीच झाडाझडती घ्यायची तर दात गेले. काही पडले, काही काढले, घराच्या मागं फेकले. डोळ्यांतलं जुनं भिंग काढून नवीन घातलं, जुनं कुठं गेलं विचारलं नाही. तरुणपणी ऊसतोडीला गेले होते तेव्हा पोटात दुखायचं, तर एका दवाखान्यात गर्भाची पिशवी काढली. तीन लेकरं जिच्यात राहिली ती पिशवी. ती त्यांनी कशात टाकली, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि दोन आठवड्यांनी मी पुन्हा उसात होते. त्या पिशवीसाठी कोणी उपकार मानले नाहीत. आत्याबाईचा पाय बसमधून घरी आला तो याच्यानंतर. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई वेडी नाही. आपल्या अंगाचा तुकडा आपला आहे, तो टाकून द्यायचा नाही, एवढंच ती म्हणत होती. आम्हीच आधी कधी म्हटलं नव्हतं.

पायानंतर ती बरीच वर्षं जगली. करडई काढता यायची नाही, पण वाळलेली करडई खळ्यावर आली की पोत्यावर बसून काठीनं बडवायची. काट्यांचा धुरळा उडायचा, ती डोक्यावरून पदर घट्ट ओढून घ्यायची, फक्त डोळे बाहेर. त्या धुरळ्यात आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो. कोण ख्रिस्ती, कोण मराठा, कोण एका पायाची, सांगता यायचं नाही. दुपारी नव्या तेलात मिरची तळलेली असायची. तसं तेल आता मिळत नाही. मिळतं, पण तसं लागत नाही. किंवा माझी जीभच गेली असेल.

शेवटच्या वर्षी तिनं मला जवळ बसवलं. "पेटी करू नका. पेटीत निजवलं तर पाय भाएर ऱ्हाईल. कापडात ठिवा."

"बरं."

"आन् कबर उघडशाल तवा पाय सरकवा."

"बघीन."

"बघीन न्हाई. करीन म्हन. शांतवनला सांगू नको, बाप्यांवर मपला भरवसा न्हाई. तू स्वता कर."

"करीन," मी म्हटलं.

त्यानंतर ती मला कधी पायाबद्दल बोलली नाही. खाजही बंद झाली. माझ्यावर टाकून मोकळी झाली होती.

ती गेली तीही करडईच्या दिवसांतच. सकाळी आम्ही रानात होतो, कौसाबाईची सून बोलवायला आली. घरी आले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून होती, हात अजून ऊबदार. आमच्यात बाया अंग धुतात. मी पाणी तापवलं. कौसाबाई दारात उभी राहिली, तिला घरी जाऊन डोक्यावरून अंघोळ करावी लागणार होती. तरी ती आत आली आणि म्हणाली, "डोकं मी धरते, तू धू." कपाळावर गोंदण होतं, लहानपणी माहेरी गोंदलेलं. पोटावर लेकरांच्या खुणा. थोटका पाय गुळगुळीत झाला होता, कुबडीच्या बाजूच्या काखेत घट्टा. मी कोपरा न कोपरा धुतला. मेलेलं अंग जड असतं, पण कुठं विरोध करत नाही. तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझं सगळं ऐकलं.

पुरुषांनी कबर उघडली. पायथ्याशी आले तेव्हा त्यांनी पहार बाजूला ठेवली आणि हातानं माती काढायला लागले. कापड कधीच गेलं होतं. नडगीची दोन हाडं होती आणि पावलाची बारीक बारीक. शेताच्या बाजूला. शांतवननं ती बघितली आणि तो वर आला, बांधावर जाऊन बसला.

पाळकसाहेब म्हणाले, "राहू द्या तसंच. वर हळूच ठेवा त्यांना."

"मी उतरनार," मी म्हटलं.

"बाया उतरत न्हाईत," बांधावरून शांतवन म्हणाला.

"कुटं लिव्हलंय?"

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडं बघितलं. ते म्हणाले, "लिहिलेलं नाही कुठं."

मी पदर खोचला आणि उतरले. हाडं वेचून ओटीत घेतली. हलकी होती, वाळल्या शेंगांसारखी. आता ओढ्याच्या बाजूला ठेवायची, एवढंच काम. पण खाली उभं राहिल्यावर ओढा दिसत नव्हता आणि शेतही दिसत नव्हतं. दोन्हीकडं काळ्या मातीची सारखीच भिंत. वरून पुरुष हात करायला लागले. एक म्हणे इकडं, दुसरा म्हणे तिकडं. जो जिथं उभा होता तिथून आपापलं डावं दाखवत होता. एवढ्या वर्षांपूर्वी काय झालं असेल, ते मला तेव्हा डोळ्यांपुढं दिसलं.

मग मी खाली निजले. डोकं मावळतीला, पाय उगवतीला, पाठ मातीला. वरून कोणीतरी "इस्तर, काय करायलीस" म्हणालं, ती कौसाबाई होती. तीही कब्रस्तानात आली होती, मला दिसली नव्हती. मी म्हटलं, "थांब जरा."

वर करडईचं रान तापलं होतं आणि खाली गारवा होता. माती ओलसर, घागरीच्या बुडाखालच्या मातीसारखी. काठावरच्या माणसांच्या हनुवट्या दिसत होत्या, त्यांच्या मागं आभाळाची एक लांबट पट्टी. कोणी ओळखू येत नव्हतं, सगळी आमचीच होती. मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. कामापुरतं निजायचं होतं, त्यापेक्षा जरा जास्तच निजले.

मी माझा डावा पाय हलवला. हा डावा. याच्यात शंका नाही. उठून बसले, आणि जिथं माझी डावी नडगी टेकली होती तिथं तिच्या नडगीची हाडं मांडली, त्यांच्या खाली पावलाची, बोटं वर करून, जेवढी आठवली तेवढी. ती माझ्याच उंचीची होती, त्यामुळं माप चुकायचा प्रश्न नव्हता.

मग मी उभी राहिले, हात झटकले आणि वर बघून म्हटलं, "आना आता आत्याबाईला."